आठ दिवस वाचायचं, लिहायचं नाही

ओठ फुटायला लागले की समजावं, बेदाण्याचे दिवस आले. साताऱ्यात बेदाणा होत नाही. माझ्या गॅलरीतून किल्ल्याची एक बाजू दिसते, खाली रिक्षा स्टॉप दिसतो, आणि समोरच्या इमारतीतले निवृत्त सुभेदार रोज त्याच वेळी त्याच कुंडीला पाणी घालताना दिसतात. पण वारा तोच असतो. दुपारी अडीच-तीनला तो असा सुटतो की दोरीवरची साडी अर्ध्या तासात कडक होते. मी साडी काढायला जाते, ओठांवरून जीभ फिरवते आणि मनात म्हणते, आता गावाकडे जाळ्या भरल्या असतील.

गावाकडे म्हणजे माहेरी, तासगावच्या पलीकडे. आमच्या माळावर पहिली बेदाण्याची शेड उभी राहिली तेव्हा मी कॉलेजात होते. लोखंडी अँगल, वर पत्रे, आत एकावर एक ताणलेल्या जाळ्या, आणि त्या जाळ्यांवर पसरलेली हिरवी द्राक्षं. सोडा आणि तेलाच्या पाण्यातून घड बुडवून काढायचे, त्यानं हात दिवसभर बुळबुळीत राहायचे. संध्याकाळी भाकरीला सुद्धा तो वास यायचा आणि आई ओरडायची. विलासदादा, माझा थोरला भाऊ, जाळीखालून वाकत वाकत जायचा आणि मधल्या थरातले मणी मला आणून द्यायचा. पाच-सहा दिवसांचे मणी. धड द्राक्ष नाही, धड बेदाणा नाही, बाहेरून सुरकुतलेले आणि आत अजून रस. त्याच्याइतकं गोड मी पुढे काही खाल्लं नाही, उगाच खोटं कशाला बोलू. गंधकाची धुरी दिली की आम्ही दोघं माळावर लांब जाऊन उभे राहायचो, डोळे पुसत, विनाकारण हसत.

आता हा सगळा हंगाम माझ्याकडे फोनमधून येतो. आमचा एक ग्रुप आहे, द्राक्ष आणि बेदाणावाल्यांचा. टाळेबंदीत बेदाण्याचे सौदे, म्हणजे बाजारातले लिलाव, बंद पडले तेव्हा चार-दोन जणांनी सुरू केला आणि बघता बघता इतका फुगला की दोन जिल्ह्यांतला क्वचितच कुणी बागायतदार बाहेर राहिला असेल. त्याची मी ॲडमिन. कशी झाले विचाराल, तर मला वेळ होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला होता माझा. ट्रंक कॉलच्या काळात कलेक्टरचा फोन आणि हमालाचा फोन दोन्ही एकाच बोर्डावर यायचे, आणि मध्ये तोंड न घालता नंबर लावून द्यायची सवय मला तिथे लागली. दुसरे ॲडमिन भूपालआण्णा, मिरजेकडचे जैन शेतकरी, वयानं माझ्याहून मोठे, आवाज मऊ. त्यांना कुणाला 'नाही' म्हणता येत नाही. म्हणून 'नाही' म्हणायचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

आमचे नियम थोडेच आहेत. त्यातला पहिला आणि मोठा म्हणजे, आपल्या बांधावरचंच लिहायचं. पाऊस, रोग, भाव, काहीही असो, आधी गावाचं नाव आणि मग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. ऐकलेलं नको, दुसऱ्यानं पाठवलेलं नको. लोकांना वाटतं यात काय एवढं? अहो, एका हंगामात कुणीतरी कुठूनतरी आलेला मेसेज ढकलला, 'उद्या गारपीट'. निम्म्या लोकांनी शेडच्या बाजूंना गुंडाळलेले प्लॅस्टिक कागद खाली पाडले. गार आली नाही, थेंब आला नाही, पण वारा कोंडला आणि आतला माल काळा पडला. त्या आठवड्यात बायका फोनवर रडत होत्या. तेव्हापासून हा नियम. एकदा चुकलं तर मजकूर काढायचा आणि खाजगीत कारण कळवायचं. दुसऱ्यांदा चुकलं तर काढून सगळ्यांसमोर कारण लिहायचं. तिसऱ्यांदा मात्र बसवायचं. आमच्याकडे त्याला बसवणंच म्हणतात. आठ दिवस वाचायचं, लिहायचं नाही. नव्या हंगामाला सगळ्यांची पाटी कोरी.

हे सांगायला सोपं आहे. करायला बसलं की कळतं, माणसं नियमावर चिडत नाहीत, आपल्यावर लागला म्हणून चिडतात. दुसऱ्याला बसवलं की 'बरं केलंत ताई', आणि स्वतःला बसवलं की 'ताई, तुमचं राजकारण कळलं बरं का'. दिवसभर माझ्या हातात माणसं बोलत असतात. कुणाची बाग, कुणाचा पंप, कुणाच्या पोरीचं लग्न हंगामानंतर ठरलेलं. मी सगळं वाचते. आणि दिवेलागणीला लक्षात येतं की आज आपण तोंडानं फक्त 'पावशेर भेंडी द्या' एवढंच बोललो. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी बंगळुरात, रविवारी फोन करते, तोही गाडी चालवता चालवता. ग्रुपवर कुणी मला कसं आहात विचारत नाही. विचारतील कसे? पोलिसाला कुणी तब्येत विचारतं का?

विचारणारा एकच होता, दादा. डेअरीत दूध घालून आला की रोज सकाळी त्याचा फोन. बोलायचं काही नसायचं. "काय गं सुले, उठलीस का? तिकडं थंडी हाय का? जेवलीस का काल वेळंवर?" मग वहिनीचा मागून आवाज, "वन्सं, गुडघा कसा हाय?" दोन-तीन मिनिटांत फोन बंद. त्या दोन-तीन मिनिटांवर माझा दिवस उभा असायचा, हे फोन यायचा बंद झाल्यावर कळलं.

गेल्या हंगामाची गोष्ट. दादाला ग्रुपवर लिहायची भारी हौस. एकदा त्यानं ट्रक ड्रायव्हरकडून ऐकलेलं लिहिलं, विट्याकडे गारा पडल्या म्हणून. मी काढलं, खाजगीत कळवलं. त्यानं हसणाऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं. पुढच्या पंधरवड्यात मेव्हण्यानं सांगितलेलं लिहिलं. तेही काढलं, सगळ्यांसमोर कारण लिहिलं. या वेळी चित्र आलं नाही. आणि मग एका सकाळी नेहमीच्या फोनवर मी म्हणाले, "दादा, आज इथे आभाळ भरून आलंय रे, बारीक थेंब पण पडतायत." बहिणीनं भावाला सांगावं तसं सांगितलं. त्याचा माल जाळीवर होता, मला काळजी वाटली. अर्ध्या तासात ग्रुपवर त्याचा मजकूर. 'साताऱ्याकडं पाऊस चालू. रातीपत्तूर आपल्याकडं. कागद पाडा.'

माझ्याच तोंडचे शब्द मला फोनवर दिसत होते. त्या मजकुराखाली लोक विचारायला लागले होते, पाडायचे का, पाडू का.

मी भूपालआण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, तुमी ह्यात पडू नका. तुमच्या दादांचं मी बघतो."

"म्हणजे काय कराल?"

"काडून टाकतो मजकूर. बसवायचं न्हाई. पावणं हाईत तुमचं. मोटं मानूस हाय. मी बोलतो त्यांच्याशी."

आता बघा कशी अडचण. मी बाजूला व्हावं हे रीतीला धरून होतं. पण मी बाजूला झाले की आण्णा माझ्या भिडेखातर त्याला सोडणार, हे मला त्यांनीच सांगून टाकलं होतं. आणि आदल्याच दिवशी मी एका माणसाला बसवलं होतं. थोड्याच गुंठ्यांची बाग, तीही वाट्यानं केलेली. त्याचीही तिसरी वेळ होती आणि त्यानंही पावसाचंच ऐकीव लिहिलं होतं. तो एका अक्षरानं भांडला नाही. 'चुकलं मॅडम, बसतो' एवढं लिहून गप्प झाला. त्याला कुणी पाहुणा म्हणणारं नव्हतं. आण्णांना मी म्हणाले, "कालच्या माणसाला काय सांगू मग?" ते म्हणाले, "तुमाला जे वाटंल ते करा ताई." मी मजकूर काढला आणि दादाला बसवलं. सगळ्यांना लागतं तेच कारण, तेच शब्द.

फोन लगेच आला. "सुले, तू सांगितलंस म्हणून लिवलं की गं मी!"

"मी तुला सांगितलं होतं दादा. ग्रुपला नाही."

"तुजं डोळं काय परक्याचं हाईत व्हय? माज्या बहिणीनं बघितलं म्हंजी मीच बघितलं."

असं कुणी मला आयुष्यात म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते नेमकं अशा वेळी. मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा आहे." माझा आवाज मलाच एक्स्चेंजमधला वाटला. त्यानं फोन ठेवून दिला. रात्री पाऊस तिकडे गेलाच नाही, पण ते महत्त्वाचं नाही. गेला असता तरी मी तेच केलं असतं, आणि त्याला तेवढाच राग आला असता.

आठ दिवस कदाचित त्यानं गिळलेही असते. पण त्याच आठवड्यात तो सौद्याला गेला. तिथे कुणीतरी भर लोकांत टोला मारला, "काय विलासराव, बहिणीनंच तोंड बांधलं म्हणं!" माणसं हसली. सौद्यातलं हसणं फार लांब जातं, गावात बस पोचायच्या आधी गोष्ट पोचते. वहिनीनं मला हे नंतर सांगितलं, दबक्या आवाजात, न्हाणीघरातून बोलत असावी असं वाटलं. "वन्सं, दोन दिस जेवलं न्हाईत नीट. तुमचं नाव काडलं की उठून जात्यात. माज्यावर बी राग काडत्यात. मी आता फोन न्हाई करायची, रागावू नका." आणि खरंच नाही केला.

आठ दिवस संपले, दादाचं लिहिणं खुलं झालं, पण त्यानं पुन्हा कधी लिहिलं नाही. सकाळचा फोनही बंद. मी पहिले काही दिवस फोन हातात धरूनच चहा प्यायचे. मी लावला की वाजून वाजून बंद व्हायचा. आखाडात, श्रावणात, गौरी-गणपतीत, मनाशी म्हणत राहिले, आता करेल. दिवाळीला मला न्यायला दरवर्षी घरातलं कुणीतरी येतं. कुणी आलं नाही. बोलावल्याशिवाय माहेरी जाऊ नये असं काही कुठे लिहिलेलं नाही. तरी पाय उचलला नाही माझा. भाऊबीजेच्या संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवर गेले, वाळत घातलेले पोहे काढायला. शेजारची सून निरांजन घेऊन उभी होती, चंद्राची कोर शोधत. तिला भाऊ नाही, ती चंद्राला ओवाळते. मला बघून तिनं मायेनं ताट पुढे केलं. "या ना काकू, तुम्ही पण ओवाळा." मी एकदम फटकन बोलले, "मला भाऊ आहे." बिचारी वरमली. मी पोहे घेऊन खाली आले आणि जिन्यातच बसले थोडा वेळ.

वाईट वाटतं हे मी लपवत नाही. पण आपण चुकलो असं काही केल्या मनाला पटत नाही, आणि हीच खरी पंचाईत. चुकलं असतं तर माफी मागून मोकळी झाले असते, रडले असते, गाडीत बसून गेले असते. बरोबर वागून माणूस तुटलं की जायचं कुठे आणि म्हणायचं काय? कधीकधी वाटतं, हा सगळ्यांना सारखं धरायचा सोस मला का? कोण पगार देतंय? मग एखाद्या दुपारी कुणी अनोळखी बाई लिहिते, 'गाव अमुक, माझ्या शेडमध्ये मणी चिकट झालेत, काय करू', आणि पाच-दहा माणसं आपापल्या बांधावरचं सांगायला धावतात. कुणी टर उडवत नाही, कुणी औषधाची जाहिरात घुसडत नाही. ती बाई शेवटी लिहिते, 'बरं वाटलं'. तिला मी माहीतही नसते. मी ते सगळं वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचते आणि फोन पालथा ठेवते.

यंदा पुन्हा ओठ फुटले, पुन्हा हंगाम आला, आणि आमच्यावर नवंच संकट आलं. ग्रुपमध्ये एक मोठे बागायतदार आहेत, परदेशात माल पाठवणारे. गावोगावचा माल त्यांच्याकडे जातो, त्यामुळे लोक त्यांना जपून असतात. त्यांनी लिहिलं, 'पुढच्या आठवड्यात भाव पडणार, माल विकून टाका.' कुठून कळलं, कुणी सांगितलं, काही नाही. पहिल्यांदा काढलं, दुसऱ्यांदा काढलं. परवा सकाळी तिसऱ्यांदा. मी त्यांना बसवलं.

मग जे काही सुरू झालं! 'एवढ्या मोठ्या माणसाला?' 'साताऱ्यात फ्लॅटमध्ये बसून हिला द्राक्षातलं काय कळतंय?' 'माफी मागा.' 'ॲडमिन बदला.' आमची रीत अशी की माझ्याविरुद्धच्या मजकुराला मी हात लावायचा नाही, ते आण्णांनी बघायचं, आणि आण्णांच्या विरुद्धचं मी. मी वाचत बसले. रागाचं आण्णांनी राहू दिलं. राग यायला बंदी नाही. एकानं मात्र लिहिलं, 'घरात ऐकणारं कुणी उरलं नाही म्हणून इथं हुकूम सोडती.' ते आण्णांनी तत्काळ काढलं, कारण घरगुती गोष्टी ग्रुपवर आणायच्या नाहीत, हाही आमचा नियम. मजकूर गेला, पण मी तो वाचला होता. पडदा ओढून पलंगावर पडले. कंटाळा आला होता सगळ्याचा. मनात ठरवलं होतं, आज आण्णांना सांगायचं, मला मोकळं करा.

फोन थरथरला म्हणून सवयीनं उचलला. ग्रुपवर आमच्या गावाचं नाव. त्याखाली दादा.

'मी लय दिसानं लिवतोय. गेल्या साली मी तिसऱ्यांदा चुकलो तवा मला आठ दिवस बसवलं. बसवणारी माजी सख्खी बहीण, पाठची. लोकं हसली मला. मला लय राग आला, अजून हाय. पण तिनं मला सोडलं न्हाई, मग ह्यास्नी का सोडायचं? ह्याचं उत्तर द्या कुणीबी.'

इतका वेळ चाललेला गलका थांबला. मी ते किती वेळा वाचलं काय सांगू. सख्खी बहीण, पाठची. अख्ख्या दोन जिल्ह्यांसमोर लिहिलं होतं त्यानं.

आण्णांचा फोन आला. "ताई, बघितलं न्हवं?"

"बघितलं. आण्णा, हे घरगुती आहे."

"राहू द्या की वो एवढं!"

"मघाशी त्या माणसाचं काढलंत ते कुठल्या नियमानं?"

"ते वायलं, हे वायलं. त्यो घाव हुता. ही माया हाय."

"दोन्ही माझ्या घरचंच आहे, आण्णा. त्याचं काढलं तर याचंही काढावं लागेल. उद्या तो माणूस विचारेल."

"मग तुमीच काडा. माजा हात न्हाई चालायचा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी उठून चहा टाकला. चहा उकळून आटला, गाळलाच नाही. वर्षभर ज्या एका गोष्टीसाठी जीव टांगलेला होता ती माझ्या अंगठ्याखाली होती, आणि ती मलाच पुसायची होती. फोटो काढून ठेवावा असंही मनात आलं. नाही काढला. आणखी एकदा वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि काढून टाकलं. मग सगळ्यांना जातं तेच त्याला खाजगीत पाठवलं. 'नमस्कार. आपला मजकूर घरगुती बाबींविषयी असल्यानं काढला आहे. या हंगामातली ही पहिली वेळ. आपलं लिहिणं चालू राहील.' पाठवलं आणि जमिनीवरच बसले. आता हा पुन्हा कधी बोलणार नाही, अशी माझी खात्री झाली होती.

त्यानं वाचल्याची खूण उमटली. तो लिहीत असल्याचं दिसायला लागलं. मग थांबलं. मग पुन्हा दिसायला लागलं. दादाला टाइप करायला वेळ लागतो, बोट जाड आहे त्याचं.

'व्हय. कळालं. जेवलीस का?'

मी 'हो, जेवले' असं लिहिलं. मग ते पुसलं, आणि 'न्हाई' लिहिलं.